२०२७ साठी गाण्यांच्या तारखांचं कॅलेंडर करतोय, कुठल्या तारखा धरायच्या?

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. आमच्या इथे भुसावळात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून जुनं इंग्लिश रॉक-पॉप ऐकतो. मोबाईलवर नाही हं, नीट ॲम्प्लिफायर, मोठे स्पीकर, अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे कोणी बोलायचं नाही आणि संपल्यावर मग चहा आणि वाद. आता ठरलंय की २०२७ पासून प्रत्येक बैठक कुठल्या तरी तारखेला धरून करायची, म्हणजे त्या दिवशी काहीतरी घडलेलं असावं, कारण नुसतं "या शनिवारी पिंक फ्लॉइड ऐकू" म्हटलं की चार टाळकी येतात आणि "आज या रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली" म्हटलं की लोक घरच्यांना घेऊन येतात, हे मी बघितलंय.

२०२७ साल त्यासाठी फार मोठं आहे. १९६७ ला साठ वर्षं आणि १९७७ ला पन्नास. ही दोन्ही वर्षं म्हणजे खजिना आहे. पण यादी करायला बसलो आणि गोंधळ झाला. बीटल्सचा सार्जंट पेपर एका ठिकाणी २६ मे १९६७, दुसरीकडे १ जून, तिसरीकडे २ जून. पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून कुठे १ मार्च १९७३ तर कुठे १६ मार्च. नक्की काय धरायचं?

दुसरी गोष्ट, ग्रुपमधे दोन गट पडलेत. काहींचं म्हणणं पुण्यतिथ्या धरा, आपल्याकडे जयंती-पुण्यतिथी लोकांना लगेच समजते, समजावून सांगावं लागत नाही. मला ते पटत नाही. ३ फेब्रुवारी बडी हॉली, ३ जुलै जिम मॉरिसन, १८ सप्टेंबर हेंड्रिक्स, ४ ऑक्टोबर जॅनिस जॉप्लिन, ८ डिसेंबर लेनन, असं करत गेलं तर वर्षभर आपण श्रद्धांजल्याच वाहत बसणार आणि त्यातली कितीतरी माणसं सत्ताविशीत गेलेली, ऐकायला आलेल्या पोरांना वाटेल की हे संगीत म्हणजे मरणाचीच गोष्ट आहे.

तिसरं म्हणजे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा इंग्लिश गाण्यांशी फारसा संबंध नाही, आवडीने येतात, कान चांगला आहे, भजनी मंडळातले तबलजी पण येतात. त्यांना कुठेतरी हात धरायला जागा मिळेल अशा तारखा असतील तर सांगा. मनापासून विचारतोय, जाणकारांनी वेळ काढून लिहा.

वाघूर

भो, आधी तुझा तारखांचा गोंधळ सोडवतो, तो सोपा आहे. त्या काळात रेकॉर्ड सगळ्या जगात एका दिवशी येत नसे, इंग्लंडची कंपनी वेगळी, अमेरिकेची वेगळी, प्रत्येकाचं आपलं वेळापत्रक. सार्जंट पेपरची इंग्लंडमधली जाहीर केलेली तारीख १ जून होती पण माल घाईने दुकानात सोडला तो २६ मे ला आणि अमेरिकेत २ जून, म्हणजे तिन्ही तारखा आपापल्या जागी बरोबरच आहेत. डार्क साइड पण तसंच, अमेरिकेत १ मार्च, इंग्लंडमधे १६ मार्च. माझा नियम साधा आहे, बँड जिथला तिथली तारीख धरायची आणि लोकांच्या हातात रेकॉर्ड कधी पडली ते बघायचं. त्या हिशोबाने सार्जंट पेपर २६ मे. आता २६ मे ला भुसावळात काय ऊन असतं ते तुला मी सांगायला नको, तेव्हा गच्चीवर रात्री आठनंतरच ठेव.

मरणाच्या तारखांत अजून एक भानगड आहे ती म्हणजे वेळेची. लेननवर न्यूयॉर्कमधे गोळ्या झाडल्या ८ डिसेंबर १९८० च्या रात्री पावणेअकराच्या पुढे, तेव्हा आपल्याकडे ९ तारखेची सकाळ उजाडून नऊ वाजून गेले होते. अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाचं बघ, १५ ऑगस्ट १९६९ ला सुरू झालं, पहिल्या रात्री पावसात रविशंकर वाजवायला बसले तेव्हा इथे १६ ची सकाळ. लाइव्ह एड, मदतीसाठीचा तो मोठा कार्यक्रम, १३ जुलै १९८५, लंडनला वेम्ब्लीवर क्वीन हा बँड स्टेजवर आला संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी, म्हणजे आपले रात्रीचे ११ वाजून ११ मिनिटं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुला जर कधी त्याच क्षणाला सूर लावायचा असेल तर लाइव्ह एड एकदम सोयीचं आहे, रात्री अकराला सगळे मोकळे असतात, ती वीस-एकवीस मिनिटं पडद्यावर लावायची आणि बरोबर ११:११ ला चालू करायची. बघ लोक कसे बसतात.

पण तू रिलीज की मृत्यू असं विचारलंस ना, माझं उत्तर तिसरंच आहे. रेकॉर्डिंगचा दिवस धर. ज्या दिवशी माणसं खोलीत बसून ते काम करत होती तो दिवस. रिलीज म्हणजे कंपनीची तारीख, मृत्यूवर कोणाचाच ताबा नाही, रेकॉर्डिंगचा दिवस मात्र त्या माणसांच्या घामाचा आहे.

उदाहरण देतो. ११ फेब्रुवारी १९६३, लंडनला ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. बीटल्सची पहिली एलपी भरायची होती, सिंगल्सची चार गाणी आधीची तयार होती, उरलेली दहा त्या एका दिवसात करायची. सकाळी दहाला सुरू केलं ते रात्री पावणेअकरापर्यंत. लेननला सर्दी झालेली, दिवसभर घशाच्या गोळ्या चघळत आणि दूध पीत गातोय. ट्विस्ट अँड शाउट मुद्दाम शेवटी ठेवलं कारण रेकॉर्डिंग करून घेणाऱ्या जॉर्ज मार्टिनला माहीत होतं की ते गायलं की याचा घसा संपणार. पहिल्याच टेकला जे निघालं तेच आज आपण ऐकतो. दुसरा टेक करून बघितला पण आवाजच उरला नव्हता. आता तू लोकांना हे आधी सांग आणि मग ते गाणं लाव, शेवटी शेवटी आवाज कसा फाटतोय ते ज्यांना इंग्लिशचा एक शब्द कळत नाही त्यांनाही ऐकू येतं. तुझ्या भजनी मंडळाच्या लोकांना तर जास्तच कळेल, पहाटेपर्यंत भजन केलेल्या माणसाला बसलेल्या घशाबद्दल काय सांगायचं.

तेव्हा फेब्रुवारीला हेच ठेव, ११ तारखेला गुरुवार येतोय, शनिवारी सरकवलंस तरी चालेल.

सोनगीरचा_गिटारवाला

तुम्हना कार्यक्रम भारी शे भो, आम्हना धुयाले बी असं काई सुरू व्हवाले जोयजे.

वाघूरदादांनी म्हटलेलं रेकॉर्डिंगच्या दिवसाचं शंभर टक्के पटलं. त्यात माझी एक तारीख घाला, ४ डिसेंबर. १९७१ साली त्या दिवशी स्वित्झर्लंडमधे माँट्रोच्या कॅसिनोत फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉकवाल्याचा शो चालू होता, गर्दीतल्या कोणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ उडवणारं पिस्तूल) झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. डीप पर्पल हा इंग्लिश बँड तिथेच अल्बम रेकॉर्ड करायला आलेला होता, दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम तिथे सुरू व्हायचं होतं. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी हॉटेलातून बघितला आणि त्यातून स्मोक ऑन द वॉटर आलं. म्हणजे गाण्यात जे सांगितलंय ते सगळं खरं घडलेलं आहे, आतल्या पोरांना बाहेर काढणारा क्लॉड नोब्स पण खराच, माँट्रोचा जॅझ फेस्टिव्हल त्यानेच उभा केला. मग जागाच नाही म्हणून बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमधे गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा मोबाईल स्टुडिओचा ट्रक उभा करून त्यांनी मशीन हेड केला, मार्च १९७२ ला बाहेर आला.

मी पोरांना गिटार शिकवतो, येणारा प्रत्येक पोरगा पहिल्या दिवशी या गाण्याचाच रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून, मागतो आणि एका तारेवर टुंगटुंग वाजवून दाखवतो. तसा तो नाहीये. डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर तो दोन तारांवर एकदम वाजवतो, तिसरी आणि चौथी, आधी दोन्ही मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरची पट्टी), मग पाचवा, आणि पिकने नाही तर दोन बोटांनी एकाच वेळी दोन्ही तारा ओढून. पिकने खाली मारलं की एक तार आधी वाजते एक नंतर, बोटांनी ओढलं की दोन्ही एकदम सुटतात आणि म्हणूनच तो आवाज असा ठोस येतो. बैठकीत कोणाकडे गिटार असेल तर दोन्ही प्रकार वाजवून दाखवा, लोकांना फरक लगेच कळतो. मी येतो हवं तर, धुळ्याहून काही लांब नाही, गिटार आणि छोटा ॲम्प माझा घेऊन येईन.

असोदा_रोड

नमस्कार दादा. मी जळगावला शाळेत शिकवते, घरी लहानपणापासून शास्त्रीय ऐकलेलं, रॉक कॉलेजात आल्यावर ऐकायला लागले. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण मला वाटतं तुमची सगळ्यात मोठी बैठक तिथेच आहे आणि ती आहे ५ सप्टेंबरला.

५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याकडे शिक्षक दिन. पण १९४६ साली त्याच तारखेला झांझिबारमधे फारुख बलसारा जन्मला, तो पुढे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. पारशी कुटुंब, आई-वडील मूळचे गुजरातचे आणि हा मुलगा शाळेला होता आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समधे. तिथेच त्याने मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला आणि पियानो वाजवायचा. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेला मुलगा बोहेमियन रॅप्सोडी करतो, हे माझ्या वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. क्वीन लावायचं तर त्या दिवशी लावा.

आणि आता पुढचं ऐका. ५ सप्टेंबर १९७७ ला अमेरिकेने व्हॉयेजर १ हे अंतराळयान सोडलं, म्हणजे २०२७ ला बरोबर पन्नास वर्षं. त्याच्यात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, पृथ्वीवरची निवडक गाणी आणि आवाज भरलेली. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती निवड केली. रॉकचं एकच गाणं त्यात आहे, चक बेरीचं जॉनी बी. गुड. आणि भारताचं एकच आहे, आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, जात कहाँ हो. एकाच तबकडीवर चक बेरी आणि केसरबाई! गोव्याच्या केरीची बाई, जयपूर-अत्रौली गायकी, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, आणि तिच्या शेजारी सेंट लुईसचा गिटारवाला. सगळ्या ग्रहांना मागे टाकून ते यान अजून पुढे चाललंय. तुमच्या तबलजींना आणि रॉकवाल्या पोरांना एका सतरंजीवर बसवायला यापेक्षा चांगली तारीख मला सापडत नाही. आधी भैरवी लावा, साडेतीन मिनिटांचीच आहे, मग लगेच जॉनी बी. गुड, मधे कोणी काही बोलू नका.

केसरबाई गेल्या त्याच महिन्यात, १६ सप्टेंबर १९७७ ला मुंबईत. यान सुटून अकरा दिवस झाले होते. त्याच तारखेला लंडनमधे टी. रेक्स या बँडचा गायक मार्क बोलन गाडीच्या अपघातात गेला, तिशीही पूर्ण व्हायची होती.

एक सूचना पण आहे. ३ डिसेंबर टाळा. त्या दिवशी बहिणाबाईंचा स्मृतिदिन असतो, जळगाव-असोद्याकडचे लोक तुमच्याकडे येणार नाहीत. त्याच तारखेला १९६५ मधे रबर सोल आली, नॉर्वेजियन वुडमधे जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली ती याच रेकॉर्डवर, त्यामुळे तुम्हाला मोह होईल. दोन दिवस पुढे घ्या.

तापीकाठ, भुसावळ

ताई, केसरबाई आणि चक बेरीचं वाचून मी तसाच उठलो आणि दोन्ही लागोपाठ ऐकलं. ठरलं हे. आमच्या तबलजी काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले आत्ता ये घेऊन.

पण एक अडचण. २०२७ ला गणपती ४ सप्टेंबरला बसतायत, ५ तारखेला रविवार आहे म्हणजे चौकाचौकात मंडळांचे स्पीकर चालू असणार, त्यात केसरबाई ऐकू येणार नाहीत. मग १६ सप्टेंबर धरू का? तोपर्यंत विसर्जन आटोपलेलं असतं, आणि केसरबाईंना जाऊन पन्नास वर्षं त्याच दिवशी होतात. पुण्यतिथी नको म्हणणारा मीच होतो पण ही धरायला मला काहीच अडचण नाही.

सोनगीरचा_गिटारवाला

१६ च बरोबर. मंडळाच्या डीजेपुढे क्वीनचापण निभाव लागायचा नाही भो.

नवापूर_लाइन

सगळं वाचलं, छान चाललंय, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि राग मानू नका. प्रत्येक तारखेला आपलं काहीतरी शोधून जोडायचं हा हट्ट नको. एल्विसचा भारताशी काही संबंध नाही, फ्लीटवुड मॅकचा नाही, म्हणून ते ऐकायचे नाहीत का? चांगला कान असलेल्या माणसाला पाचगणी लागत नाही. त्याला बाजा समोर ठेवा, तो आपोआप शिरतो.

४ फेब्रुवारीला फ्लीटवुड मॅकच्या रूमर्सला पन्नास वर्षं होतायत, १९७७. त्या रेकॉर्डची गोष्ट कोणालाही कळेल अशी आहे. बँडमधे पाच माणसं, त्यातलं एक नवरा-बायकोचं जोडपं मोडलेलं, जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही, एक प्रेमातलं जोडपं मोडलेलं, लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स, पाचव्याचा, मिक फ्लीटवुडचा, संसार पण मोडायला आलेला, आणि हे सगळे रोज एकाच स्टुडिओत जाऊन एकमेकांबद्दलची गाणी एकमेकांकडूनच वाजवून घेतायत. त्याने लिहिलं तिच्यावर आणि कोरस तीच गातेय. असं काम करायला काय काळीज लागत असेल. अमेरिकेत ती रेकॉर्ड ३१ आठवडे पहिल्या नंबरवर होती, जगभर चार कोटींच्या वर खपली. यात भारत कुठे आहे? कुठेच नाही, आणि गरजही नाही. एकत्र कुटुंबात भांडण झाल्यावरसुद्धा संध्याकाळी एका चुलीवरची भाकरी खाल्लेल्या माणसाला ही रेकॉर्ड कळते.

दुसरी तारीख १६ ऑगस्ट, एल्विसला जाऊन पन्नास वर्षं, मेम्फिसला ग्रेसलँडमधे गेला, वय फक्त ४२. त्या दिवशी जगभर रडारड होईल, तुम्ही ती करू नका. वाघूरचा रेकॉर्डिंगच्या दिवसाचा नियम लावा आणि ५ जुलै धरा. १९५४, मेम्फिस, सन स्टुडिओ. ट्रक चालवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, बरोबर गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक, ड्रम नाहीच. रात्रभर संथ गाणी चाललेली आणि काही जमत नव्हतं, मधल्या सुट्टीत पोरगा उगाच उड्या मारत दॅट्स ऑल राइट हे जुनं ब्लूज म्हणायला लागला, बाकी दोघे सामील झाले आणि काचेमागून स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सने डोकं काढून विचारलं की हे काय चाललंय, परत पहिल्यापासून करा. बस, तेवढंच. मी ते गाणं जेव्हा ऐकतो तेव्हा मला ती सुट्टीच ऐकू येते, कोणी बघत नाहीये असं समजून माणसं वाजवतायत. पाठ्यपुस्तकात लिहावं इतका मोठा तो क्षण आहे.

आणि असोदा रोडच्या ताईंना सांगायचं की रविशंकर घ्यायचेच असतील तर अमेरिकेतला माँटरे महोत्सव घ्या, १८ जून १९६७, साठ वर्षं होतायत. रविवारी दुपारी ते आणि अल्लारखाँ तीन तासांच्या वर बसले आणि समोरची हिप्पी पोरं शांत बसून ऐकत होती. त्याच दिवशी रात्री हेंड्रिक्सने तिथेच गिटारला आग लावली. रविशंकरांना ते अजिबात सहन झालं नाही, वाद्य म्हणजे त्यांच्यासाठी देव. आपण दसऱ्याला वाद्यांची पूजा करतो, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्यांचंच पटेल. पण हेंड्रिक्सनेही ती गिटार प्रेमानेच जाळली असं मला वाटतं, ज्याच्याकडे सगळ्यात प्रिय तीच वस्तू होती त्याने ती देऊन टाकली. यावर तुमच्याकडे रात्रभर वाद होईल, होऊ द्या.

असोदा_रोड

नवापूरदादा, राग कशाला, तुमचं एल्विसचं वाचून मीच आज परत ते गाणं लावलं. फक्त हेंड्रिक्सबद्दल मी तुमच्या बाजूची नाही. माझ्या आजीच्या तानपुऱ्याला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो, मला ते जळताना बघवत नाही. पण वाजवलेलं? ते मात्र सगळं ऐकते.

माँटरे घेतलंत तर पुढे १ ऑगस्ट १९७१ पण डोक्यात ठेवा, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचा कार्यक्रम, रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला सांगितलं आणि काही आठवड्यांत तो उभा राहिला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर रॉकवाल्यांनी मदतीसाठी कार्यक्रम करायची ती सुरुवात, लाइव्ह एड चौदा वर्षांनी आलं. सुरुवातीला सतार-सरोद नुसते जुळवत होते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, रविशंकर म्हणाले जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. ती फीत आहे, दाखवा. अली अकबर खाँ सरोदवर आहेत.

जुनी_रेल्वे_कॉलनी

मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असणार, वडील रेल्वेत होते, भुसावळच्या कॉलनीत वाढलो. आमच्या शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब होतं, त्यांच्याकडे रविवारी चर्चहून आल्यावर ग्रामोफोन लागायचा आणि त्यावर बीटल्स नाही, एल्विस पण क्वचित, अमेरिकन गायक जिम रीव्हज. तुम्ही कोणी त्याचं नावच घेतलं नाही म्हणून लिहितोय. भारतात त्या काळी रेल्वेच्या कॉलन्यांमधून, चर्चमधून, मिशनच्या शाळांमधून जो इंग्लिश आवाज घरोघरी गेला तो हा आहे. मऊ, खालच्या पट्टीतला, माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन गायलेला. कुठे ओरडणं नाही. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत आवाज फेकायची सवय असलेल्या काळात हा माणूस कानाशी बसून बोलल्यासारखा गायचा.

तो गेला ३१ जुलै १९६४ ला, नॅशव्हिलजवळ वादळात त्याचं छोटं विमान पडलं, स्वतःच चालवत होता. आणि ३१ जुलै १९८० ला आपले मोहम्मद रफीसाहेब गेले. नवापूरवाल्याचं बरोबर आहे, ओढूनताणून जोडू नये, पण हे मी जोडलेलं नाही, आमच्या कॉलनीत ते जोडलेलंच होतं. त्यांच्या खिडकीतून रीव्हज आणि आमच्या रेडिओवर रफी, मधे एक कुंपण. त्या घरातले लोक पुढे ऑस्ट्रेलियाला गेले, जाताना काही एलपी वडिलांना देऊन गेले, कलकत्त्याजवळ डमडमला छापलेल्या आहेत, अजून वाजतात. सुई चांगली असेल तर घेऊन येतो. तुमच्याकडे टर्नटेबल आहे ना? कुठलं आहे आणि सुई कधी बदललीय ते आधी सांगा, मी जुन्या सुईवर त्या लावू देणार नाही.

वाघूर

काका, या दोन आवाजांची बैठक मी चुकवणार नाही. ३१ जुलै २०२७ ला शनिवारच आहे, बघा.

केळीबाग_रावेर

मी इथली सगळ्यात लहान असेन बहुतेक, बोनी एम हा डिस्को ग्रुप घ्या ना प्लीज. आमच्याकडे लग्नात अजून वाजतं आणि माझ्या आजोबांनाही चाल येते. तारीख ३० डिसेंबर. त्यांचं रासपुतीन गाणं ज्याच्यावर आहे तो रशियाच्या झारच्या दरबारातला साधू रासपुतीन १९१६ साली ३० डिसेंबरला मारला गेला, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं त्यामुळे तिकडे १७ तारीख होती. आणि बोनी एममधला तो नाचणारा, बॉबी फॅरेल, २०१० साली ३० डिसेंबरलाच गेला आणि तेही सेंट पीटर्सबर्गमधे, रासपुतीन मारला गेला त्याच शहरात, आदल्या रात्री तिथे कार्यक्रम करून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन-तीन ठिकाणी तपासलं, खरं आहे. वर्षाची शेवटची बैठक नाचायची ठेवा, वर्षभर गप्प बसून ऐकलेलं असेल सगळ्यांनी.

तापीकाठ, भुसावळ

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज ग्रुपवर बसून जे ठरलं ते लिहितो.

फेब्रुवारीत मोठी बैठक एकच शक्य आहे, तेव्हा रूमर्स पहिल्या शनिवारी, कारण पन्नास वर्षं परत येत नाहीत, आणि बीटल्सचा तो एक दिवस ११ तारखेला गुरुवारी रात्री, ज्यांना जमेल ते या, दहाच गाणी त्याच क्रमाने जशी त्या दिवशी झाली. २६ मे ला सार्जंट पेपर गच्चीवर, रात्री साडेआठ. जूनमधे माँटरे, आधी रविशंकर पूर्ण आणि मग हेंड्रिक्स, आग बघायची की नाही हे त्या दिवशी जमलेल्यांनी ठरवायचं. ५ जुलैला एल्विस छोटं, १३ ला रात्री ११:११ ला क्वीन आणि ३१ ला रीव्हज-रफी, म्हणजे जुलै भरला. ऑगस्टमधे श्रावण, आमच्याकडे कानबाईचा सण असतो, घरोघरी पाहुणे, तेव्हा काहीच ठेवलेलं नाही. १६ सप्टेंबरला केसरबाई आणि चक बेरी, त्यानंतर पाचगणीवाला, त्याची बैठक पुढे ढकलल्यासारखी होते पण चालेल. डिसेंबरात पाच तारखेला रविवारी रबर सोल आणि स्मोक ऑन द वॉटर एकत्र, गिटारवाले भाऊ येतायत, आणि ३० ला बोनी एम.

कॉलनीवाल्या काकांना: टर्नटेबल बेल्टवर चालणारं आहे, सुई दिवाळीत बदललीय, काट्याचा दाब दोन ग्रॅमच्या आत ठेवलाय. तरी तुम्ही आधी एकदा येऊन स्वतः बघून जा, तुमच्या एलपी तुमच्या हातानेच लावायच्या.

जुनी_रेल्वे_कॉलनी

दोन ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. रविवारी सकाळी येतो, एक साधी एलपी आधी लावून बघू.